आयपीओच्या नावाखाली गेलेला मावेजा

आयपीओसाठी, म्हणजे कंपनी पहिल्यांदाच लोकांना शेअर विकते त्यासाठी, कुणी एखाद्या खात्यात पैसे पाठवायला सांगत असेल, तर तिथंच थांबा. खऱ्या आयपीओत पैसे कुणाला पाठवायचेच नसतात. 'अस्बा' पद्धतीत ते आपल्याच बँक खात्यात अडकवून ठेवतात; शेअर मिळाले तर कापले जातात, नाहीतर मोकळे होतात. आमच्या घरात हे कुणालाच माहीत नव्हतं आणि साडेआठ लाख रुपये गेले.

आमचं गाव लातूर जिल्ह्यात. रस्त्यात जमीन गेली, तिचा मावेजा दादाच्या खात्यावर होता. सोयाबीनचा 2025-26 चा हमीभाव 5,328 रुपये, पण मोंढ्यात माल त्याहून बराच खाली द्यावा लागला. मग पैसा शेअर बाजारात लावावा असं दादाला वाटलं, तर त्यात वावगं काय? फेसबुकवर एका नावाजलेल्या ब्रोकरचं नाव लावलेली जाहिरात आली, तिच्यावरून तो व्हॉट्सॲप ग्रुपात गेला. ती जाहिरात त्या ब्रोकरची नव्हतीच.

ग्रुपात एक मॅडम रोज सकाळी शुद्ध मराठीत शेअर सुचवायच्या आणि बाकीचे नफ्याचे स्क्रीनशॉट टाकायचे. शेअर घ्यायचं त्यांचं ॲप प्ले स्टोअरवर नव्हतं, लिंकवरून घ्यायला लावलं. आधार, पॅन, रद्द केलेला चेक, सगळ्यांचे फोटो मागून घेतले. दादानं आधी 20 हजार भरले. थोड्याच दिवसांत "सर, 5 हजार काढून बघा," असा निरोप आला, आणि ते खरंच खात्यावर जमा झाले. त्या 5 हजारांनीच घात केला. तोवर "नको हो, जपून" म्हणणाऱ्या वहिनीही गप्प झाल्या.

मग आयपीओच्या नावाखाली दादानं आरटीजीएसनं, म्हणजे बँकेतून मोठी रक्कम पाठवायच्या पद्धतीनं, पैसे भरले. त्या पावत्या मी नंतर पाहिल्या. लाभार्थीच्या रकान्यात एकीवर कापड दुकानाचं नाव, दुसरीवर मसाल्याच्या व्यापाऱ्याचं. दोन्ही खाती परराज्यातली. दादानं ग्रुपात विचारलंही होतं. उत्तर आलं, "सर, संस्थात्मक खाती आहेत, रोज बदलतात." मोंढ्यात आडत्याच्या पट्टीवर दुसऱ्याच दुकानाचं नाव दिसलं असतं, तर दादानं मालाला हात लावू दिला नसता. पण मोबाइलवर रोज वाढणारा आकडा पाहून तो गप्प बसला.

आकडा 31 लाखांवर गेला तेव्हा त्यानं पैसे काढायला घेतले. "आधी 20 टक्के कर भरा," असं उत्तर आलं, आणि त्यासाठी उसने मागायला दादा माझ्याकडे आला. जुलै 2024 पासून शेअरच्या अल्पकालीन नफ्यावर 20 टक्के कर आहे, हे खरं. म्हणूनच त्यांचं बोलणं पटतं. पण तो आपण स्वतः आयकर खात्याकडे भरतो. ब्रोकरला आधी कर देऊन आपलेच पैसे सोडवायचे, अशी पद्धत कुठंच नाही. शेअर खरे असते तर सीडीएसएल किंवा एनएसडीएल या शेअरची नोंद ठेवणाऱ्या संस्थांकडे दादाच्या नावावर नोंद असती आणि त्यांचे संदेश आले असते. एकही आला नव्हता.

सायबर फसवणुकीच्या 1930 या मदत क्रमांकावर फोन केला, सायबर पोर्टलवर तक्रार नोंदवली, ठाण्यात गेलो. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात फिरवलेले. एका खात्यात थोडी रक्कम गोठवली आहे, ती कोर्टाच्या आदेशानं सुटेल म्हणतात. पहिल्या तासाभरात फोन गेला, तर रक्कम अडवायची संधी जास्त असते. आधारचं बायोमेट्रिक लॉक केलं, फोन पुसून नव्यानं चालू केला; पण कागदांचे फोटो त्यांच्याकडे राहिले ते राहिलेच.

पैसे पाठवण्याआधी तपासायच्या सोयी आता आहेत. 1 ऑक्टोबर 2025 पासून सेबी या शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेकडे नोंदलेल्या ब्रोकरांसाठी 'व्हॅलिड' शब्द असलेले खास यूपीआय आयडी आले आहेत. पैसे भरताना हिरव्या त्रिकोणात अंगठ्याची खूण दिसते. सेबीच्याच 'सेबी चेक' या सोयीवर खाते क्रमांकही पडताळता येतो. आरटीजीएस करताना बँक खातेदाराचं नाव दाखवते. ते नाव ब्रोकरचं नसेल तर पैसे पाठवू नका, मग समोरचा कितीही गोड बोलो.

तक्रारीनंतर काही दिवसांत दादाला फोन आला: "सायबर विभागातून बोलतोय, तुमचे पैसे सुटलेत, फाइलचे 15 हजार भरा." असा फोन तुम्हालाही येईल. 1930 वर तक्रार करायला किंवा गोठवलेली रक्कम परत मिळवायला कुठलाही पोलीस फोनवर पैसे भरायला सांगत नाही.