टेक्निक्स एसएल-१२००जी: १८ किलोचं धूड
हा टर्नटेबल (रेकॉर्ड वाजवायचं यंत्र) उचलायला दोघं लागतात, १८ किलो आहे बाबा, त्यात नुसता प्लॅटरच (रेकॉर्ड ठेवायची फिरती तबकडी) ३.६ किलोचा, वर पितळ, खाली रबर, कडेवर टिचकी मारली तरी घणघणत नाही, नुसता ठप्प. रुंदी ४५३ मिमी, खोली ३७२, म्हणजे अरुंद बुकशेल्फ विसरा. आवाज एकदम स्थिर, बेस घट्ट. पण जड तेवढं भारी असं काही नाही हां, रेगा ही टर्नटेबल बनवणारी ब्रिटिश कंपनी नेमकं उलटं करते, प्लिंथ (खालची बैठक) हलकी आणि ताठ, आणि त्यांचा प्लॅनर ३ टर्नटेबल पण झकास वाजतो. फ्लोअर लाकडी असेल (आपल्याकडे स्लॅबच असतो म्हणा) तर आधी भिंतीत पक्का शेल्फ ठोका, डुगडुगत्या टेबलावर १८ किलो पण टेबलासकट डुलणारच, आणि स्पीकरच्या टेबलावर तर अजिबात ठेवू नका.