वाचनालयात बसून ऑनलाइन संशोधन: काही महिन्यांच्या वापरानंतर

सार्वजनिक वाचनालयाचं सभासदत्व घेतलं की जगभरची संशोधन नियतकालिकं पडद्यावर उघडतील, अशा समजुतीने कुणी जाणार असेल तर आधीच सांगते, तसं काही होत नाही. परदेशातल्या शहरी वाचनालयांत ती सोय असते. आपल्याकडचं तालुक्याचं वाचनालय शासनाच्या अनुदानावर आणि सभासदांच्या वर्गणीवर चालतं. त्यात वर्तमानपत्रांची बिलं भागली तरी पुष्कळ झालं, डेटाबेसची वर्गणी कुठून भरणार? मी जे जे वापरलं ते बहुतेक सगळं घरबसल्या, फुकट, कुणालाही मिळतं.

तरीही मी गेल्या पावसाळ्यापासून आठवड्याला एकदा तरी वाचनालयातच जाऊन बसते. मोबाइलवर चारशे पानांचं स्कॅन वाचून डोळे फुटायची वेळ येते, हे एक कारण. तिथे प्रिंटर आहे, हे दुसरं. तिसरं आणि खरं कारण म्हणजे आमचे ग्रंथपाल. कुठे काय शोधायचं हे त्यांना कळतं, आणि ते कळणं हाच या सगळ्या प्रकरणातला अवघड भाग आहे.

माझं काम असं: परभणी जिल्ह्यात मी शाळेत इतिहास शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी आसपासच्या बारवांची, म्हणजे पायऱ्या असलेल्या जुन्या विहिरींची, माहिती गोळा करते. सेलू तालुक्यातल्या वालूरची चक्राकार पायऱ्यांची बारव आता बऱ्याच जणांना फोटोतून माहीत आहे. जिंतूर तालुक्यात चारठाण्याला यादवकाळातल्या मंदिरांसोबत बारवही आहे. पण ज्यांच्या वाट्याला फोटोही आला नाही अशा बारवा गावोगाव आहेत. त्यांच्याबद्दल आधी कुणी काही लिहून ठेवलंय का, एवढंच मला हवं होतं.

सुरुवात केली राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयापासून. हे आयआयटी खरगपूरने उभं केलं आणि २०१८ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. आकडे डोळे दिपवणारे, पण एक गोष्ट समजून घेतली नाही तर चिडचिड होते. यातलं बरंचसं साहित्य तिथे ठेवलेलंच नाही. तिथे नोंद असते आणि नोंदीवरून तुम्हाला मूळ साइटवर धाडलं जातं. मूळ साइट पैसे मागणारी असली की तिथेच गाडी अडते. त्यामुळे बाजूच्या गाळण्या (फिल्टर) आधी लावून घ्याव्यात: भाषा, प्रकार, आणि खुलं आहे की बंद. शाळेच्या मुलांसाठी, स्पर्धा परीक्षेसाठी चांगलं. माझ्या कामाचं तिथे फार नव्हतं. मराठी विश्वकोशाचे २० खंड आणि राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुस्तकं मला त्यांच्या आपापल्या साइटवर जास्त लवकर सापडली.

खरा वेळ गेला तो शोधगंगेवर. विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणाऱ्या गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने चालवलेलं हे पीएचडी प्रबंधांचं भांडार. २००९ च्या यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमानंतर विद्यापीठांनी प्रबंध इलेक्ट्रॉनिक स्वरूपात द्यायला सुरुवात केली, म्हणून छत्रपती संभाजीनगरच्या आणि नांदेडच्या विद्यापीठांतले शेकडो प्रबंध तिथे वाचता येतात. मराठवाड्याच्या गावागावांवर, जत्रांवर, बोलींवर, दुष्काळावर, मुक्तिसंग्रामावर इतकं काम झालंय हे मला माहीत नव्हतं. दर्जाचं म्हणाल तर सगळ्या रंगांचे. काही प्रबंध वाचून वाटतं, या माणसाने चार वर्षं उन्हातान्हात पाय झिजवलेत. काही वाचून वाटतं, हा तर मागच्याचाच प्रबंध, फक्त तालुका बदललेला.

प्रबंध एकसंध फाइलमध्ये क्वचितच मिळतो. मुखपृष्ठ वेगळं, प्रमाणपत्र वेगळं, प्रत्येक प्रकरण वेगळं. नवखा माणूस पहिल्या फाइलपासून सुरू करतो आणि प्रमाणपत्र, प्रतिज्ञापत्र, ऋणनिर्देश यांतच थकतो. मी आता उलटी जाते. आधी शेवटची संदर्भसूची उघडायची. सूचीत नुसती क्रमिक पुस्तकं दिसली तर प्रबंध बंद. गॅझेटियर (सरकारने छापलेले प्रदेशाचे माहितीग्रंथ), शिलालेख, स्थानिक स्मरणिका, मुलाखती दिसल्या की मग प्रकरणं. माझ्या कामाच्या निम्म्या वाटा मला प्रबंधांच्या मजकुरातून नाही, त्यांच्या सूच्यांतून सापडल्या.

दुसरी अडचण जास्त चिवट आहे. जुने मराठी प्रबंध युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना सारख्याच कळणाऱ्या अक्षरपद्धतीत, नाहीत. डीटीपीवाल्याने त्या काळच्या फॉन्टमध्ये टाइप केलेले. पडद्यावर सुबक मराठी दिसते, पण एक ओळ कॉपी करून दुसरीकडे चिकटवा, रोमन अक्षरं आणि चिन्हांचा नुसता काला. याचा अर्थ असा की त्या फाइलच्या पोटात तुम्ही 'बारव' शोधलं तर संगणक म्हणणार, नाही. आणि शब्द समोरच्या पानावर तीनदा छापलेला असतो! नोंदीत प्रबंधाचं नाव मराठी असलं तरी पुष्कळदा रोमन लिपीत लिहिलेलं असतं, आणि तेही ज्याने नोंद केली त्याच्या मर्जीने. 'मराठवाड्यातील' हा एक शब्द मी तीन वेगवेगळ्या स्पेलिंगांनी पाहिलाय. म्हणून शोध विषयाने न करता विद्यापीठ, मग विभाग असा उतरत जाऊन यादी वाचत गेलेलं बरं. वेळखाऊ आहे, पण हुकत नाही.

निजामाच्या काळातलं इंग्रजी साहित्य शोधायचं तर खेळ आणखी वेगळा. मी 'नांदेड' टाकून टाकून कंटाळले होते. ग्रंथपाल मागून जाताजाता म्हणाले, "मॅडम, शेवटी ड नका टाकू, र टाका. नांदेर." आणि धडाधड नोंदी आल्या. १९०८ च्या इंपीरियल गॅझेटियरमध्ये नांदेड 'नांदेर' आहे, बीड 'भीर' आहे, आणि अंबाजोगाई 'मोमिनाबाद'. हे गॅझेटियर शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशिया डिजिटल ग्रंथालयात पानागणिक वाचता येतं, अगदी साध्या रचनेत, हळू इंटरनेटवरही चालणारं. आजकालच्या झगमगीत पोर्टलांनी हे शिकण्यासारखं आहे.

नावांच्या जोडीला जिल्ह्यांच्या हद्दी. हे डोक्यात नसेल तर महिनाभर चुकीच्या जागी खणत बसाल. हिंगोली १९९९ मध्ये परभणीतून वेगळा झाला, त्यामुळे औंढ्याची किंवा वसमतची जुनी माहिती परभणीच्या खात्यात. लातूर १९८२ पर्यंत उस्मानाबादमध्ये. जालना १९८१ मध्ये औरंगाबादमधून निघाला, पण परतूर तालुका त्याआधी परभणीत होता. शासनाने छापलेला परभणी जिल्ह्याचा गॅझेटियर १९६७ चा आहे. आजच्या हिंगोलीकराने आपलं गाव त्यातच शोधायचं. आणि २०२३ मध्ये दोन जिल्ह्यांची नावं बदलली तरी जुन्या नोंदींत औरंगाबाद आणि उस्मानाबादच आहेत, त्यामुळे छत्रपती संभाजीनगर किंवा धाराशिव टाकलं तर फक्त अलीकडचंच वर येतं. दोन्ही नावांनी शोधा, भावना बाजूला ठेवून.

जनगणनेचं डिजिटल ग्रंथालय या सगळ्यांत सर्वांत कमी बोललं गेलेलं आणि मला सर्वांत जास्त आवडलेलं. जिल्हा जनगणना पुस्तिका तिथे मोफत उतरवून घेता येतात. २०११ च्या पुस्तिकेत गाववार तक्ते आहेत, पिण्याचं पाणी कुठून येतं हेही. बारवेचा उल्लेख त्यात नसतो, विहीर म्हणजे विहीर. पण कुठल्या गावात तेव्हा नळ होता आणि कुठे विहिरीवरच भिस्त होती हे कळलं की कुठल्या बारवेत अजून गाळ काढला जात असेल याचा अंदाज बांधता येतो. दोनदा तो अंदाज बरोबरही निघाला.

इंग्रज पुरातत्त्वज्ञ हेन्री कझन्सची निजाम राज्यातल्या पुरातन अवशेषांची यादी, १९०० ची, इंटरनेट आर्काइव्ह या मोफत ऑनलाइन संग्रहावर स्कॅन स्वरूपात मिळाली. इथेही शब्दशोधावर विसंबू नका. इंग्रज लेखकांनी गावांची नावं अक्षरांवर रेघा आणि खाली टिंबं देऊन छापलीत, आणि यंत्राने मजकूर ओळखताना त्याचा पार चुराडा केलाय. पानं उलटत जायचं. एका रविवारी दुपारी मी तेच केलं, आणि शेजारच्या गावाचं नाव दिसल्यावर अभ्यासिकेतली एमपीएससीची पोरं वळून बघतील इतक्या मोठ्याने "अगं बाई!" म्हटलं.

आता तक्रार. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'एक राष्ट्र, एक सदस्यता' योजना मंजूर केली. ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये. चांगलीच योजना. पण ती शासकीय उच्च शिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्थांसाठी आहे. सार्वजनिक वाचनालय त्यात नाही. म्हणजे आमच्या गावातून बसने जाऊन विद्यापीठात शिकणाऱ्या मुलाला लेख उघडतो, आणि ती मुलं ज्या वाचनालयात बसून मोठी झाली तिथे तोच लेख बंद. पैसा दोघांच्याही करातला. तालुक्यागणिक नको, निदान जिल्हा ग्रंथालयात एक संगणक या योजनेला जोडला तरी माझ्यासारख्या किती जणांचं काम होईल.

तोवरचे मार्ग सांगते. जेस्टोर या संशोधन लेखांच्या ऑनलाइन संग्रहावर स्वतःच्या ईमेलने मोफत खातं काढलं की ३० दिवसांत १०० लेख ऑनलाइन वाचता येतात. उतरवून घेता येत नाहीत, वाचता येतात. मला आजवर ती मर्यादा पुरून उरली. कुणी विद्यापीठात असेल तर त्याला गळ घालायची. आणि थेट लेखकाला ईमेल करायचा. हा उपाय मी शेवटचा म्हणून ठेवला होता, तो पहिला असायला हवा. प्राध्यापक मंडळी लेख मागितला की खूश होतात. त्यांचं वाचणारं कुणी आहे हेच त्यांना अप्रूप असतं.

जाताजाता शेतीचं. माझा भाऊ सोबत आला होता, त्याला तुरीवरच्या मर रोगाचं वाचायचं होतं. त्याला कृषिकोशावर बसवलं. देशभरच्या कृषी विद्यापीठांचे प्रबंध तिथे आहेत, परभणीचेही. १९७२ ला स्थापन झालेलं आपलं विद्यापीठ २०१३ पासून वसंतराव नाईकांच्या नावाने आहे, तेव्हा इथेही दोन्ही नावांनी शोधावं लागतं. बदनापूरच्या बीडीएन ७११ वाणाबद्दल त्याला बरंच सापडलं. इंग्रजी तांत्रिक आहे, तक्ते मात्र कुणालाही कळतात. तो म्हणाला, "कृषी सहायकाला विचारण्यापेक्षा हे बरंय की." मी काही बोलले नाही. सगळेच कृषी सहायक तसे नसतात.

वाचनालयाच्या बाजूने उणं काय, तर संगणक दोनच आणि त्यातला एक रुसलेला. दुपारी गेलात तर अभ्यासिका गच्च भरलेली, इंटरनेट शंभर मोबाइलांत वाटलं गेलेलं, आणि मोठं स्कॅन निम्म्यावर येऊन थांबतं. सकाळी उघडताक्षणी जावं. पेन ड्राइव्ह सोबत ठेवावा, पण घरच्या संगणकाला लावण्याआधी तपासून घ्यावा; सार्वजनिक संगणकात काय काय राहायला आलेलं असतं, देव जाणे. प्रिंट काढायची तर आधी पान क्रमांक लिहून न्या, नाहीतर दोनशे पानं छापून येतात आणि पैसे तुमचे जातात.

आणि एक भिंत आहे जिच्यापुढे यातलं काहीच जात नाही. निजामाच्या राज्यात १८८० च्या दशकात फारसीच्या जागी उर्दू ही कारभाराची भाषा झाली, आणि १९४८ पर्यंतची आपल्या गावांची महसुली, न्यायालयीन, पाटबंधाऱ्याची कागदपत्रं मुख्यतः उर्दूत आहेत. त्यातलं बरंच हैदराबादला तारनाक्याच्या राज्य अभिलेखागारात आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या अभिलेख पटल पोर्टलवर मोफत नोंदणी करून हैदराबादविषयक इंग्रजी फाइली वाचता येतात. त्या पाहिल्या, पण त्यांत रेसिडेंट साहेबांची, म्हणजे निजामाच्या दरबारातल्या ब्रिटिश प्रतिनिधीची, पत्रं आणि राजकारण. बारवेचा गाळ कुणी काढला आणि त्याचे पैसे कुणी दिले, हे तिथे कसं असणार? ते असलंच तर एखाद्या तहसीलच्या उर्दू रजिस्टरात असणार. आमच्या ग्रंथपालांनी वाचनालयाच्या एका ज्येष्ठ सभासदांशी गाठ घालून दिली आहे, ते जुन्या तहसील कचेरीत कारकून होते आणि शिकस्त वळणाची, म्हणजे घाईने जोडून लिहिलेली, उर्दू सरळ वाचतात. दर गुरुवारी तासभर मला अक्षरओळख चालू आहे. अजून 'ते' आणि 'टे'तच गोंधळ होतो, पण उन्हाळ्याच्या सुट्टीत हैदराबादला जायचं ठरवलंय.