हाइव्ह: पट नसलेला खेळ, वर्षभर खेळून झाल्यावर

नाशिकला सातपूरच्या कारखान्यात, टूलरूममध्ये माझी तीस वर्षं गेली. कुठलीही वस्तू हातात आली की आधी तिच्या कडेवरून अंगठा फिरतो. हाइव्हच्या सोंगट्यांवरूनही तसाच फिरवला. षटकोनी, जाडजूड, जुने काळे स्विच नाहीतर कुकरचे दांडे असायचे त्या बेकलाइट प्लास्टिकच्या जातीच्या. कडा नीट मारलेल्या, बर म्हणजे कडेला राहणारी खरखर कुठेच नाही. वरचे किडे कोरलेले आणि खाचेत रंग भरलेला. एकीवर एक ठेवली की टक् असा भरीव आवाज येतो. ११ पांढऱ्या, ११ काळ्या. पट नाहीच, सोंगट्या एकमेकींना लावत जायच्या, त्यांचंच पोळं तयार होतं.

घरी आलेला हा दुसरा संच. पहिला मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मागवला होता, स्वस्त दिसला म्हणून. पिशवी उघडली तर २१ च सोंगट्या, एक काळा नाकतोडा गायब. उरलेल्यांना व्हर्निअर (बारीक मापं घ्यायचं साधन) लावला, तर एकाच सोंगटीच्या दोन बाजूंत अर्ध्या मिलीमीटरहून जास्त फरक. कुणाला हे अति वाटेल. पण या खेळात दोन सोंगट्यांमधल्या फटीतून तिसरी सरकते की अडते, यावर चाल ठरते. बाजू सारख्या नसल्या की सात-आठ सोंगट्यांनंतर पोळं वाकडं होतं आणि ‘ही तिला टेकलीये की नाही’ यावर भांडणं होतात. आमची झाली. परत घ्यायला विक्रेत्याने शेवटपर्यंत टाळाटाळ केली. मग नातीच्या मामाने पुण्याहून हा अस्सल संच आणला. बुद्धिबळाच्या साध्या संचापेक्षा महाग आहे, पण मला ते पैसे वाजवी वाटतात.

नात सातवीत आहे. नाशिकच्या विदित गुजराथीच्या संघाने २०२४ मध्ये बुडापेस्टला ऑलिम्पियाडचं सुवर्ण जिंकलं, त्या वर्षी हिने हट्टाने बुद्धिबळाचा क्लास लावून घेतला. आता मला वीस चालींत गुंडाळते, कारण तिची सुरुवात पाठ असते आणि माझी नसते. जॉन यिआनी यांनी तयार केलेला हाइव्ह २००१ चा, आम्ही दोघं तो एकाच रविवारी एकाच कागदावरून शिकलो. म्हणून इथे आमची झुंज बरोबरीची असते.

प्रत्येकाकडे एक राणी माशी, दोन कोळी, दोन भुंगे, तीन नाकतोडे आणि तीन मुंगळे. समोरच्याची राणी सहाही बाजूंनी कोंडली की जिंकलात, मग कोंडणाऱ्या सोंगट्या कुणाच्याही असोत. आपल्या पाळीला एक तर नवी सोंगटी लावायची, नाहीतर लावलेली हलवायची. दोघांची पहिली सोंगटी लागली की पुढची प्रत्येक नवी सोंगटी फक्त आपल्याच रंगाला टेकवायची. चौथ्या पाळीपर्यंत राणी उतरवावीच लागते, आणि ती उतरत नाही तोवर आपलं काहीच हलत नाही. राणी एक घर सरकते, कोळी मोजून तीन. नाकतोडा सरळ रेषेत सगळ्यांवरून उडी मारून पलीकडच्या पहिल्या मोकळ्या जागी पडतो. मुंगळा पोळ्याच्या कडेकडेने हवा तिथवर धावतो. भुंगा एकच घर चालतो, पण दुसऱ्याच्या डोक्यावर चढतो, आणि तो उतरेपर्यंत खालची सोंगटी जागची हलत नाही.

खेळाचा सगळा जीव मात्र एका नियमात आहे: पोळं तुटता कामा नये. सोंगटी उचलल्यावर उरलेल्यांचे दोन तुकडे पडत असतील, तर ती उचलायचीच नाही. पुढे जाऊन पुन्हा जोडणार असलात तरी नाही. पहिले दोन महिने माझी सगळी भिस्त मुंगळ्यांवर होती. एका डावात नातीच्या राणीच्या चार बाजू भरल्या होत्या, दोन उरल्या होत्या. माझा मुंगळा कडेला मोकळा दिसत होता. मी हात घातला.

“आबा, तो उचलू नका, पोळं तुटेल.”

खरंच होतं. आधीच्याच चालीत तिने आपला कोळी त्या मुंगळ्याच्या पाठीला आणून लावला होता, आणि कोळ्याला दुसरा कुणाचाच टेकू नव्हता. मुंगळा हलला असता तर कोळी सुटा पडला असता. दुसऱ्या मुंगळ्यामागे असाच तिचा नाकतोडा. तिसऱ्याच्या डोक्यावर भुंगा. तीन मुंगळे आणि तिन्ही बांधलेले! तेव्हापासून मुंगळा बाहेर पाठवताना त्याच्या पाठीला कोण येऊन चिकटेल, ते मी आधी बघतो.

रविवारी आम्ही गंगापूर रोडच्या पुढे, मळ्यातल्या मिसळीला जातो. नंबर लागायला अर्धा-पाऊण तास सहज जातो, तेवढ्यात दोन डाव होतात. एकदा डाव अर्ध्यात असताना मिसळ आली आणि रश्श्याची वाटी थेट पोळ्यावर कलंडली. नातीने आधी मोबाईलवर फोटो काढला, मग सोंगट्या नळाखाली धुतल्या, पुसल्या, फोटो बघून परत मांडल्या. तर्रीचा डाग कुठेच राहिला नाही.

खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. पट नसल्यामुळे पोळं सरकत सरकत टेबलाच्या काठाला येतं, मग दोन्ही तळव्यांनी सगळंच मागे ओढावं लागतं. चादरीवर, सतरंजीवर खेळू नका, जोड सुटतात. काळ्या सोंगट्यांवर कोळ्याचा तपकिरी आणि भुंग्याचा जांभळा रंग ट्यूबलाइटखाली माझ्या डोळ्यांना सारखाच दिसतो. आकार बघूनच ओळखायचं. आणि नियमांचं पुस्तक मराठीत नाही. आमच्या हिच्यासाठी मी सगळे नियम वहीच्या एका पानावर उतरवले, तेच पान आता पिशवीत असतं.

लहान सोंगट्यांची पॉकेट आवृत्तीही मिळते, तिच्यात डास आणि लेडीबग हे दोन किडे जास्तीचे असतात. प्रवासाला ती बरी. माझ्या बोटांना मोठीच हवी.

कुठूनही घ्या, पण पार्सल फोडल्या फोडल्या ११ आणि ११ मोजा. मग एक सोंगटी मध्ये ठेवून तिच्याभोवती सहा लावा. कुठेही फट न राहता साती बसल्या, तरच संच ठेवून घ्या.