ईसिम एक, माणसं चार: युरोपवारीतल्या नेटचा अनुभव

मे महिन्यात आई, बाबा, बायको आणि मी असे चौघं बारा दिवस पॅरिस, इंटरलाकेन आणि व्हेनिस करून आलो. फोटो कुणी बघत नाही, सगळे विचारतात एकच, "तिकडे नेटचं काय केलंस रे?" सोसायटीत चार जणांना, ऑफिसात तिघांना आणि मावशीला दोनदा सांगून झालं, आता एकदाच लिहून टाकतो. कंपन्यांची नावं टाकत नाहीये कारण अर्ध्या चुका त्यांच्या असल्या तरी अर्ध्या चक्क माझ्या आहेत.

तर सुरुवात अशी की आपल्या मोबाइल कंपनीचा दहा दिवसांचा रोमिंग पॅक माणशी तीन हजाराच्या आसपास दिसला, चौघांचे बारा हजार, ते बघून माझ्यातला पुणेरी माणूस जागा झाला. ईसिम विकणाऱ्या एका ॲपवर युरोपचा १० जीबीचा प्लॅन अडीच हजाराच्या आत मिळत होता. म्हटलं एक घेऊ माझ्या फोनवर आणि बाकी तिघांना हॉटस्पॉट देऊ, एकत्रच तर फिरणार आहोत. हे वाक्य लक्षात ठेवा, एकत्रच तर फिरणार आहोत.

ईसिम म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, प्लॅस्टिकचं कार्ड नसतं, फोनमध्येच चिप असते तिच्यावर कंपनीचं प्रोफाइल उतरवायचं. आयफोन असेल तर २०१८ च्या एक्सएस, एक्सआर पासून पुढचे चालतात, अँड्रॉइडमध्ये मॉडेलप्रमाणे बदलतं, *#०६# दाबून ईआयडी नावाचा लांबलचक नंबर दिसला तर फोनमध्ये ईसिमची सोय आहे असं समजायचं. माझ्या आणि बायकोच्या फोनमध्ये ती होती, आई बाबांच्या फोनमध्ये नव्हती. आपलं भारतातलं सिम आहे तिथेच राहतं, काढायची गरज नाही, आणि व्हॉट्सॲपही जुन्याच नंबरवर चालू राहतं, मध्येच "नंबर बदलायचा का" विचारलं तर नाही म्हणायचं.

बसवताना पहिली गंमत झाली. क्यूआर कोड ईमेलवर आला आणि ईमेल त्याच फोनवर, आता स्वतःच्या स्क्रीनवरचा कोड स्वतःच्या कॅमेऱ्याने कसा स्कॅन करणार? शेवटी आईच्या फोनवर फॉरवर्ड केला, आईने तो आरती ओवाळल्यासारखा माझ्या फोनपुढे धरला आणि दोन मिनिटांत काम झालं. नवीन आयफोनमध्ये कोडवर बोट दाबून धरलं तरी होतं असं नंतर कळलं. हे सगळं घरच्या वायफायवर करून ठेवा, विमानतळावर नको, कारण ईसिम उतरवायलाच नेट लागतं. आणि एकदा बसवलेलं ईसिम डिलीट करू नका, बहुतेक कोड एकदाच चालतात.

पॅरिसला उतरलो, डेटा ईसिमवर ठेवला, भारतातल्या सिमचं डेटा रोमिंग बंद केलं पण सिम चालू ठेवलं. हे फार महत्त्वाचं आहे कारण बँकेचे ओटीपी तिथेच येतात. निघायच्या आधी आपल्या कंपनीच्या ॲपमधून इंटरनॅशनल रोमिंग तेवढं सुरू करून ठेवायचं, माझ्या कंपनीत येणाऱ्या एसेमेसला पैसे पडत नाहीत. विमान थांबायच्या आतच नेट आलं, मेट्रोत पण चाललं, तीन दिवस एक तक्रार नाही. फक्त गूगल मला पोलंडमध्ये समजत होतं आणि अधूनमधून पोलिश भाषेत पानं उघडायची. अशा ईसिमचं नेट बऱ्याचदा तिसऱ्याच देशातून फिरून येतं, त्यामुळे एखादं बँकेचं ॲप बिथरू शकतं, माझं बिथरलं नाही.

पण डेटा! पहिल्याच रात्री बघितलं तर १० पैकी अडीच जीबी गायब. मी तर नकाशा आणि दोन चार फोटो यापलीकडे काहीच केलं नव्हतं. शोधता शोधता गुन्हेगार सापडले आमचे तीर्थरूप. बाबांचा फोन माझ्या हॉटस्पॉटला जोडलेला, आणि फोनच्या दृष्टीने हॉटस्पॉट म्हणजे वायफाय. वायफाय मिळालं की फोटोंचा बॅकअप सुरू, आयफेल टॉवरचे सतरा व्हिडिओ वर चढले, आणि वरून "सुप्रभात मंडळी"वाल्या तीन ग्रुपमधले सगळे व्हिडिओ आपोआप खाली उतरले. कुणीतरी पाठवलेलं दहा मिनिटांचं कीर्तन मी रोमिंगच्या पैशाने उतरवलं होतं. उपाय सोपा आहे, जोडलेला फोन अँड्रॉइड असेल तर त्या वायफायच्या सेटिंगमध्ये जाऊन ते मीटर्ड, म्हणजे मोजून वापरायचं नेट, करायचं, आयफोनवर लो डेटा मोड. पण हे मला ईसिम विकताना कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी मी वाचलं नसतं.

आता मुख्य मुद्दा. चौथ्या दिवशी पॅरिसहून लिरिया नावाच्या वेगवान रेल्वेने स्वित्झर्लंडमधलं बासेल, तिथे गाडी बदलून इंटरलाकेन. बासेल स्टेशनवर नेट येत होतं जात होतं, मला वाटलं गर्दी असेल. गाडी सुटली आणि थोड्याच वेळात ठप्प. वर नेटवर्कच्या काड्या पूर्ण, आत काही उघडेना. रीस्टार्ट केलं, एरोप्लेन मोड केलं, हाताने नेटवर्क निवडून बघितलं, शून्य. मग डोक्यात प्रकाश पडला आणि पोटात गोळा आला. ईमेलमधली देशांची यादी आधी डाउनलोड केलेली होती ती उघडली. नॉर्वे आहे, आइसलंड आहे, एवढुसं लिश्टेनस्टाइन सुद्धा आहे, स्वित्झर्लंड नाही!

कारण कळल्यावर चिडायलाही जागा उरली नाही. युरोपियन युनियनने १५ जून २०१७ पासून आपापसातलं जादा रोमिंग शुल्क बंद केलं, त्या नियमात युनियनचे देश अधिक नॉर्वे, आइसलंड आणि लिश्टेनस्टाइन येतात. स्वित्झर्लंड युनियनमध्येही नाही आणि त्या व्यवस्थेतही नाही. त्यामुळे तिकडचं नेटवर्क वापरायला कंपनीला वेगळे पैसे मोजावे लागतात आणि स्वस्तातले काही "युरोप" प्लॅन त्याला सरळ वगळतात. ब्रेक्झिटनंतर ब्रिटनचंही तसंच, त्या नियमाच्या बाहेर. आणि बासेलला जे मधूनमधून येत होतं ते पलीकडच्या फ्रान्सच्या टॉवरचं होतं, सीमेला लागूनच शहर आहे. म्हणजे आपल्याला युरोप म्हणजे स्वित्झर्लंड, आणि युरोपच्या सिमला स्वित्झर्लंड म्हणजे परदेश.

नेमका तेव्हाच टीसी आला. आमचे स्विस ट्रॅव्हल पास ईमेलमध्ये, ईमेल उघडेना. मी स्क्रीनवर बोट घासतोय, तो शांतपणे उभा. आईने पर्समधून प्लॅस्टिकची फाइल काढली, त्यात चारही पासांच्या झेरॉक्स, पासपोर्टच्या झेरॉक्स, हॉटेलच्या झेरॉक्स, वर सुपारीएवढ्या अक्षरात "स्वित्झर्लंड". निघताना याच फाइलवरून मी तिला हसलो होतो. टीसीने कागदावरचा कोड स्कॅन केला, आईला थँक यू म्हणाला, माझ्याकडे बघितलंही नाही.

हॉटेलच्या वायफायवर त्याच ॲपमधून फक्त स्वित्झर्लंडचं वेगळं ईसिम घेतलं. पैसे भरताना पहिला ओटीपी आला तोवर त्याची मुदत संपली होती, दुसरा वेळेत आला. ईसिम मात्र झकास, डोंगरात सुद्धा जबरदस्त रेंज, आमच्या कोथरूडच्या घरात बेडरूममध्ये येत नाही एवढी. चॅटवर पहिल्या ईसिमचे काही पैसे परत मिळतील का विचारलं तर आधी बॉट, मग एक माणूस, आणि माणसानेही बॉटच्याच भाषेत सांगितलं की देशांची यादी खरेदीआधी दिलेली होती. दिलेली होती, खरं आहे. पान खाली सरकवून, एक बटण दाबून, मग दिसणारी.

इथवर ठीक होतं. सहाव्या दिवशी काय झालं ते सांगतो आणि मगच हॉटस्पॉटचा विचार करा.

इंटरलाकेन ओस्टहून लाउटरब्रुनेनला जाणारी गाडी अशी असते की अर्धे डबे लाउटरब्रुनेनला जातात आणि अर्धे ग्रिंडेलवाल्डला, त्स्वायल्युचिनेन नावाच्या छोट्या स्टेशनावर गाडीचे दोन तुकडे होतात. फलाटावर लिहिलेलं असतं, डब्यावर लिहिलेलं असतं, मी घरच्यांना दोनदा सांगितलं होतं. आम्ही बरोबर डब्यात बसलो. बाबा म्हणाले फलाटावरून इंजिनाचा एक फोटो काढून येतो, आणि दार लागायच्या वेळी जवळच्या डब्यात चढले, मी म्हटलं, येतील आतून. दहा मिनिटांत त्स्वायल्युचिनेन आलं, खडखड झालं, आणि खिडकीतून बघतो तर उरलेली गाडी डावीकडे निघाली आणि त्यात खिडकीपाशी आमचे बाबा कॅमेरा घेऊन.

आता फोन करायचा. बाबांच्या फोनला नेट म्हणजे माझा हॉटस्पॉट, तो माझ्या खिशात, म्हणजे व्हॉट्सॲप बंद. उरला साधा फोन. समोरच्या दरीत असलेल्या माणसाला मी फोन लावतोय आणि तो कॉल भारतात जाऊन परत स्वित्झर्लंडला येतोय, कारण नंबर भारतातला, आणि पॅक नसेल तर मला करण्याचे पैसे आणि त्यांना घेण्याचे पैसे. पैशाचं सोडा, रिंग जात होती. उचलत नव्हते. पाच वेळा केला, सहा वेळा केला. बायको म्हणाली, "अरे, मुंबईला विमानतळावर तूच त्यांना बजावलंस ना, तिकडे कुणाचाही फोन उचलायचा नाही, मिनिटाला किती पडतील नेम नाही म्हणून?"

हो. मीच.

लाउटरब्रुनेनला उतरलो, समोर तो तीनशे मीटरचा श्टाउबाख धबधबा कोसळतोय आणि आम्ही तिघं त्याच्याकडे पाठ करून फोनकडे बघत उभे. आई काही बोलत नव्हती, तेच जास्त भीतिदायक होतं. तासाभराने अनोळखी भारतीय नंबरवरून व्हॉट्सॲप कॉल आला, पलीकडून बाबा, एकदम खुशीत. "अरे मी ग्रिंडेलवाल्डला आहे, समोर आयगरचा डोंगर आहे, काय दिसतोय! इथे नाशिकची मंडळी भेटली ग्रुप टूरची, त्यांच्याकडे थेपले आहेत, तुम्ही सावकाश या." मी विचारलं, बाबा फोन का नाही उचलला? "तूच म्हणाला होतास ना. मी बघत होतो तुझा येतोय म्हणून. म्हटलं एवढ्यांदा करतोय म्हणजे काळजी करतोय, पण पैसे पडतील." यावर काय बोलणार सांगा.

त्या रात्री हॉटेलच्या वायफायवरून बाबांच्या नंबरवर त्यांच्याच कंपनीचा दहा दिवसांचा रोमिंग पॅक टाकला, तोच तीन हजारवाला, जो मी पुण्यात बसून वाचवला होता. भरला आणि दहा मिनिटांत सुरू, काही बसवायचं नाही, स्कॅन नाही, सेटिंगमध्ये डेटा रोमिंग तेवढं चालू केलं. घेतले जाणारे कॉल त्यातच, भारतात करायची मिनिटं त्यातच. आणि यादीत स्वित्झर्लंड आणि इटली दोन्ही, हे मी यावेळी तीनदा वाचलं, मोठ्याने वाचलं.

म्हणून माझे स्टार असे. युरोप ईसिमला साडेतीन, माल चांगला आहे, देश बघून घ्या एवढंच, नेट हवं आणि फोन व्हॉट्सॲपवर चालतो अशा माणसाला याच्यासारखं स्वस्त काही नाही. या डेटावाल्या ईसिमला स्वतःचा नंबर नसतो हे लक्षात असू द्या, टॅक्सीवाल्याला द्यायला नंबर भारतातलाच. स्वित्झर्लंडच्या ईसिमला साडेचार, अर्धा कापला तो चॅटवरच्या माणसासाठी. आपल्या कंपनीच्या रोमिंग पॅकला आई बाबांसाठी पाच, स्वतःसाठी तीन, कारण जीबीच्या हिशोबाने महागच आहे. हॉटस्पॉटवर कुटुंब चालवायच्या आयडियेला शून्य, आणि ती आयडिया माझी होती. विमानतळावरच्या सिमच्या दुकानात मी फक्त दर विचारला आणि निघालो त्यामुळे त्याला स्टार देत नाही.

दहाव्या दिवशी ब्रिगहून मिलानकडे निघालो, गाडी सिम्प्लॉनच्या वीसेक किलोमीटरच्या बोगद्यात शिरली आणि स्विस ईसिम गप्प झालं. बोगदा संपला, इटलीतलं दोमोदोसोला आलं आणि टिंग टिंग करत ते जुनं युरोपचं ईसिम आपलं आपण जिवंत झालं, अजून चार जीबी शिल्लक. बाबांना त्याचं काही नव्हतं. व्हेनिसला आम्ही कालव्याच्या पायऱ्यांवर आइस्क्रीम खात बसलो होतो आणि ते पुलावर उभं राहून आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीशी टाकीच्या गळतीवर बोलत होते, पस्तीस मिनिटं. मी हाताने खुणा केल्या तर फोनवर हात ठेवून म्हणाले, "पॅकमध्ये आहे रे, वाया का घालवायचा?"