कॅनिस्टर फिल्टरच्या पाइपला लावलेला डबल टॅप कनेक्टर : आठ महिन्यांच्या वापरानंतर

फिल्टर धुवायचा म्हटलं की माझ्या पोटात गोळा यायचा. माशांची टाकी 90 सेंमी लांब, 45 रुंद आणि 45 उंच, म्हणजे साधारण 180 लिटरची. खालच्या कपाटात कॅनिस्टर, म्हणजे पाइपांनी टाकीला जोडलेला बंद डब्यासारखा फिल्टर. माझ्या कॅनिस्टरला स्वतःचे नळ नाहीत, पाइप थेट डोक्यावर खोचलेले. त्यामुळे धुताना पाइप उपसायचा, अंगठ्याने तोंड दाबून धरायचं आणि तसंच बादलीपर्यंत न्यायचं. एकदा अंगठा सरकला आणि कपाटातल्या एक्स्टेंशन बोर्डापासून वीतभर अंतरावर पाणी आलं. तेव्हापासून मी धुणं पुढे ढकलू लागले. महिन्याचे तीन महिने झाले, प्रवाह मंदावला आणि तळाशी राहणारे कोरीडोरस मासे सारखे हवा घ्यायला वर येऊ लागले. ते बघवेना, म्हणून पाइप कापून मधे हे कनेक्टर बसवले.

रचना सोपी आहे. दोन अर्धे भाग, प्रत्येकाला आपला नळ, मधे हाताने फिरवायची चाकी. दोन्ही नळ बंद करायचे, चाकी सोडवायची, की पाइपचे दोन तुकडे वेगळे होतात आणि दोन्हींतलं पाणी जागच्या जागी राहतं. खाली पडतात ते मधल्या पोकळीतले चार-दोन थेंब. एक जोड येणाऱ्या पाइपला, एक जाणाऱ्या. आता कॅनिस्टर पाइपच्या शेंड्यांसकट उचलून मोरीत नेता येतो. पहिल्यांदा तसा नेला तेव्हा इतकं हायसं वाटलं की त्याच आठवड्यात टाकीतली झाडंही छाटून घेतली. आता दर पाच आठवड्यांनी धुणं होतं. स्पंज अर्थातच टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळते. नळाच्या पाण्यातल्या क्लोरिनने अमोनिया पचवणारे जीवाणू मरतात, मग फिल्टर स्वच्छ दिसतो पण कामाचा राहत नाही.

बसवताना घाई करू नका. जुना पाइप कडक झालेला असतो, तो कोरडाच जोरात दाबला तर कनेक्टरच्या टोकाला तडा जाऊ शकतो. पाइपचं टोक मिनिटभर गरम पाण्यात धरलं की मऊ पडतं आणि शेवटच्या कंगोऱ्यापर्यंत सहज चढतं. पहिल्या रात्री मी दोन्ही जोडांखाली वर्तमानपत्र पसरलं होतं. सकाळी एका जागी रुपयाएवढा ओला डाग. उघडून पाहिलं तर ओ-रिंगच्या (जोड घट्ट करणाऱ्या रबरी कडीच्या) खाचेत वाळूचा एकच कण, मोहरीहूनही बारीक. तो काढला, रिंगला सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवलं, तेव्हापासून कागद कोरडा आहे. पेट्रोलियम जेली मात्र नको, काही प्रकारचं रबर तिने फुगतं.

आता तक्रार. पाकिटावर 16/22 लिहिलंय, म्हणजे आतून 16 मिमी आणि बाहेरून 22 मिमी असलेल्या पाइपसाठी. पाइप बसतो बरोबर, पण नळाच्या आतलं भोक कॅलिपरने मोजलं तर 12 मिमी निघालं. फरक चार मिलिमीटरचा वाटतो, पण क्षेत्रफळात बघा: 201 चौरस मिमीवरून थेट 113. हे पाकिटावर कुठेच नाही आणि ते मला मनापासून खटकलं. बसवण्याआधी आणि नंतर मी प्रवाह मोजला होता. स्टुलावर बादली ठेवून पाइपचं तोंड टाकीतल्या पाण्याच्या पातळीला धरलं, कारण ते खाली धरलं तर आकडा उगाच मोठा येतो. आधी 10 लिटरला 50 सेकंद लागायचे, कनेक्टरनंतर 58. म्हणजे ताशी 720 लिटरवरून 620.

ही घट मी दुसरीकडे भरून काढली. परतीच्या पाइपात दोन काटकोनी एल्बो होते, ते काढून पाइपलाच मोठा बाक दिला आणि कपाटात वेटोळं होऊन पडलेला फूटभर जादा तुकडा कापला. आता 53 सेकंद, म्हणजे ताशी जवळपास 680. माझ्या टाकीला ते पुरेसं आहे.

माहितीपत्रकात आणखी एक गोष्ट असायला हवी होती. प्रवाह कमी करायचा असेल तर परतीच्या बाजूचा नळ आवळायचा, टाकीतून येणारा कधीच नाही. येणारा आवळला की पंपाला पाणी पुरत नाही, तो घरघरतो आणि आत हवा धरतो. माझा तसाच घरघरला तेव्हा मला आधी वाटलं की इम्पेलर, म्हणजे पंपातलं फिरणारं पातं, गेलं.

आणि नळ आहेत म्हणून निर्धास्त राहू नका. माझा स्प्रे बार, म्हणजे परतीचं पाणी टाकीत सोडणारी भोकांची नळी, पाण्याखाली बुडलेला आहे. फिल्टर बंद असताना परतीचा पाइप निसटला तर टाकीतलं पाणी उलटं ओढलं जाऊन स्प्रे बारच्या पातळीपर्यंत जमिनीवर येईल. म्हणून त्याच्या उभ्या नळीला पाण्याच्या पृष्ठभागाच्या किंचित खाली 3 मिमीचं भोक पाडलंय. पातळी तिथवर उतरली की हवा शिरते आणि ओढ तुटते. शेवाळाने ते बुजू नये म्हणून दर रविवारी दातकोरणं फिरवते.

आठ महिन्यांत चाकीचे आटे झिजलेले नाहीत, नळ अजून दोन बोटांनी फिरतात. ओ-रिंगा मात्र जादा दिलेल्या नाहीत, त्या मी मापाने शोधून चार आणून ठेवल्या आहेत. पाचपैकी चार तारे. एक तारा त्या न सांगितलेल्या 12 मिलिमीटरचा कापला.