डिस्टिलरीशेजारी शैवाल: उघडं तळं की बंद नळ्या?

एक लिटर इथेनॉल तयार होताना किण्वनाच्या टाकीतून सुमारे पाऊण किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. दिवसाला ३० हजार लिटरची डिस्टिलरी असेल तर हा वायू साडेबावीस टनांच्या घरात जातो, आणि बॉयलरच्या धुरासारखा तो पातळ नसतो, जवळजवळ शुद्ध असतो. शैवालासाठी याहून चांगला वायू साखरपट्ट्यात मिळणार नाही.

पण तळं खोदण्याआधी एक हिशेब करा. कोरड्या शैवालाचं निम्मं वजन कार्बनचं, म्हणून एक किलो शैवाल वाढायला १.८ किलो वायू लागतो. उघड्या तळ्यात वर्षाची सरासरी वाढ चौरस मीटरमागे रोज १५ ग्रॅम धरली, तर एकरी रोज ६० किलो शैवाल येतं आणि ११० किलो वायू जिरतो. साडेबावीस टनांना दोनशे एकर तळी लागतील. शिवाय रात्री शैवाल काहीच घेत नाही, डिस्टिलरी मात्र चालूच असते. त्यामुळे नुसती वायूची विल्हेवाट लावायची असेल आणि द्रवरूप वायूला किंवा ड्राय आइसला जवळपास गिऱ्हाईक असेल, तर सरळ विकून टाका. शैवालापासून तेल किंवा बायोगॅस असं इंधनही हवं असेल तर पुढचं वाचा.

उघडं तळं म्हणजे लांबट, मधे भिंत असलेलं गोल फिरतं पाणी. खोली २० ते ३० सेंमी, तळाला शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा कागद आणि पाणी ढकलणारं एक पॅडल व्हील (पात्यांचं चाक). पाण्याचा वेग सेकंदाला २० ते ३० सेंमी ठेवायचा. कमी पडला तर वळणावर शैवाल तळाशी बसून कुजतं. दुप्पट केला तर वीज आठपट लागते. घट्टपणा, म्हणजे पाण्यातलं कोरडं शैवाल, लिटरला अर्ध्या ग्रॅमच्या आसपासच राहतो.

वायू सोडताना सर्वांत जास्त चुका होतात. २५ सेंमी पाण्यात नळी टाकून बुडबुडे सोडले तर ते क्षणात वर येतात आणि बहुतेक वायू हवेत जातो. त्यासाठी तळ्याच्या एका टोकाला मीटर-दीड मीटर खोल खड्डा करून, खाली जाणाऱ्या प्रवाहाविरुद्ध बारीक बुडबुडे सोडावेत. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने १९७८ ते १९९६ या काळात शैवालावर मोठा कार्यक्रम राबवला. त्यातल्या न्यू मेक्सिकोतल्या रॉसवेलच्या तळ्यांमध्ये याच पद्धतीने दिलेला बहुतांश वायू पाण्यात जिरला. उत्पादन मार खाल्लं ते थंड रात्रींमुळे. वायूचा व्हॉल्व्ह घड्याळावर नव्हे, पीएचवर (पाण्याच्या आम्ल-अल्क मापावर) चालवा: क्लोरेला या एकपेशी हिरव्या शैवालाला तो ८ च्या वर गेला की उघडा, ७.५ ला बंद.

बंद नळ्यांची गोष्ट वेगळी. पारदर्शक नळ्या, व्यास ५ ते १० सेंमी. याहून जाड नळीत मधल्या शैवालाला ऊन पोचत नाही. घट्टपणा लिटरला दोन-तीन ग्रॅम मिळतो, बाष्पीभवन नाही, बाहेरचे जीव सहसा शिरत नाहीत. अडचण प्राणवायूची आहे. भर उन्हात शैवाल तो सोडत राहतं आणि नळीत तो साठून वाढच रोखतो, म्हणून साधारण ८० मीटरनंतर पाणी वायू सुटण्याच्या टाकीत आणावं लागतं. मराठवाड्याच्या मे महिन्यात नळीतलं पाणी ४५ अंशांच्या वर सहज जातं आणि क्लोरेला मरतं. वरून पाण्याचे फवारे द्यावेच लागतात. आतून हिरवा थर धरला की ऊन अडतं, मग हायड्रोजन पेरॉक्साइडने धुणं आलं. पंपाची वीज तळ्याच्या कित्येक पट. तेलासाठी या नळ्या उभारू नयेत, हे आमचं स्पष्ट मत आहे, कारण तेलातून मिळणारी ऊर्जा बहुधा पंपच खाऊन टाकतो. तळ्यासाठी निर्मळ बियाणं तयार करायला मात्र त्या फार उपयोगी.

तळ्याचे शत्रू दोन. पहिला पाऊस: १०० मिमी पडला की २५ सेंमीचं तळं तिथल्या तिथे बरंच पातळ होतं, वर ढगांमुळे वाढ थांबते. दुसरा रोटिफर. हा सूक्ष्म जीव क्लोरेला खातो आणि हिरवं तळं दोन-तीन दिवसांत तपकिरी होतं. रोज सकाळी एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं हाच उपाय. रोटिफर दिसू लागले की लगेच काढणी करा. पाण्याचाही विचार हवा. उन्हाळ्यात रोज १० मिमी उडालं तर एकराला ४० हजार लिटर भरावे लागतात.

आता इंधन. एक किलो कोरड्या शैवालासाठी तळ्यातलं दोन हजार लिटर पाणी हाताळावं लागतं. तुरटीने बसवून, सेंट्रिफ्यूजमधून काढलेल्या लगद्यातही किलोमागे चार किलो पाणी उरतं. ते नुसतं उडवायलाच नऊ मेगाज्यूल लागतात, तर त्या किलोभर शैवालाची सगळी ऊर्जा वीसएक मेगाज्यूल. त्यामुळे सुकवून तेल काढण्याचा मार्ग फक्त फुकटची उष्णता असेल तरच. नायट्रोजन तोडून तेलाचं प्रमाण वाढवता येतं, पण मग वाढ खुंटते आणि एकरी तेल फारसं वाढत नाही.

बायोगॅसला सुकवणं लागत नाही. फक्त शैवालात नायट्रोजन जास्त, एकटं टाकलं तर अमोनिया साठून डायजेस्टर (बायोगॅसची बंद टाकी) बंद पडतो. म्हणून साखर कारखान्याचा प्रेसमड (रस गाळल्यावर उरणारी मळी) मिसळा. या मार्गाला स्पिरुलिना हे धाग्यांसारखं निळं-हिरवं शैवाल बरं. तेल दहा टक्क्यांच्या आत, पण धागे लांब असल्याने कापडाच्या गाळणीवर निघते, ३५ अंशांत खुशाल वाढते आणि १० च्या आसपासच्या पीएचमध्ये रोटिफर सहसा टिकत नाहीत. सुरुवातीला लिटरला १६.८ ग्रॅम खाण्याचा सोडा लागतो, म्हणजे एका गुंठ्याला ४२० किलो. गाळलेलं पाणी परत तळ्यातच सोडा. लगदा धुऊनच डायजेस्टरला द्या, नाहीतर सोडियम स्लरीतून उसाच्या जमिनीत जाईल.

दोनशे एकरांचा आराखडा कुणी आणला तरी आधी एकच गुंठा करा. त्यात २५ हजार लिटर पाणी मावतं. रोज तीन हजार लिटर गाळलं की दीड किलो कोरडं शैवाल यायला हवं. नमुना १०५ अंशांवर वाळवून वजन घ्या, पावसाळ्यासकट बारा महिने नोंद ठेवा. सरासरी दिवसाला एका किलोच्या खाली राहिली तर दुसरा गुंठा खोदू नका.