जेकार्डची सोलापुरी चादर : घेताना काय पाहावं, आणि १८०४ सालाला एवढा मान का

परीक्षणाचा माल : शंभर टक्के सुती, दुहेरी विणीची, जेकार्डवर (कार्डांच्या साहाय्याने नक्षी विणणाऱ्या यंत्रावर) विणलेली सोलापुरी चादर, ६० × ९० इंच. भौगोलिक मानांकन मिळालेली ती हीच. सोलापूरच्या पूर्व भागातल्या यंत्रमागांवर विणली जाते आणि नव्या पेठेत कोणत्याही चादरीच्या दुकानात मिळते. मत आधीच सांगून टाकतो : रोजच्या वापराला एवढ्या पैशांत याहून टिकाऊ पांघरूण नाही. मात्र नीट पारखून घेतली तरच.

आधी वीण समजून घ्या, कारण या चादरीतलं बरंवाईट सगळं विणीत दिसतं. ही चादर म्हणजे एकावर एक विणलेले दोन थर. लाल-पांढरी चादर घेतली, तर जिथे वरचा थर लाल तिथे खालचा पांढरा. नक्षीची कड आली की थर जागा बदलतात आणि तिथेच एकमेकांत गुंततात. म्हणून पाठीमागे तोच मोर उलट रंगांत दिसतो. थरांमध्ये हवा अडकते, त्यामुळे जाडीच्या मानाने ऊबही जास्त मिळते.

कोणत्या क्षणी कोणता धागा वर उचलायचा हे पुठ्ठ्याची कार्डं ठरवतात. बाण्याच्या, म्हणजे आडव्या धाग्याच्या, एका फेरीला एक कार्ड. कार्डाला भोक असेल तर यंत्राची सुई आत जाते, हूक उभा राहतो आणि त्याला बांधलेले ताण्याचे, म्हणजे उभे, धागे उचलले जातात. भोक नसेल तर सुई मागे ढकलली जाते, हूक सरकतो, धागे खालीच राहतात. मग आडवा धागा नेणारा धोटा पलीकडे जातो आणि पुढचं कार्ड येतं. कार्डं दोरीने ओवून त्यांची माळ केलेली असते. नक्षी बदलायची तर माग तोच ठेवून फक्त माळ बदलायची.

इथेच थोडं थांबायला हवं. इतिहासातली सर्वांत महत्त्वाची घटना कोणती, असं सोलापुरात विचारलं की १९३० हे उत्तर येतं. मे महिन्यात गिरणी कामगारांसह सगळं शहर उठलं, १२ मे रोजी मार्शल लॉ लागला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फाशी दिली गेली. या गावाला त्याहून मोठं काही नाही, आणि नसावं. पण साऱ्या जगाचा हिशेब मांडायचा, तर आमचं मत १८०४ ला. त्या सुमारास फ्रान्समधल्या ल्यों शहरात जोसेफ मारी जेकार्ड यांनी हे यंत्र उभं केलं. कल्पना एकट्याची नव्हती : त्यांच्याआधी फ्रान्समध्येच बूशों यांनी १७२५ मध्ये भोकं पाडलेला कागद मागावर लावला होता, फाल्कों यांनी कार्डं आणली, व्होकांसाँ यांनी माग आपोआप चालवून पाहिला. जेकार्ड यांनी हे सारं जुळवून रोज वापरता येईल असं केलं.

आग, शेती, छपाई यांची बाजू घेणारे पुष्कळ असतील. छपाईचा दावा खरंच भारी आहे. पण छापलेला मजकूर वाचायला माणूस लागतो; कार्डावरचा मजकूर यंत्रानेच वाचला आणि तसं काम केलं. इंग्रज गणितज्ञ चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात हीच कार्डं घेतली. अमेरिकेची १८९० ची जनगणना तिथलेच संशोधक हर्मन होलेरिथ यांच्या भोकांच्या कार्डांवर मोजली गेली आणि त्यांची कंपनी पुढे आयबीएम या संगणक कंपनीत सामावली. आज खिशातल्या फोनला सूचना देतो त्या रीतीचं मूळ मागावर आहे, आणि सोलापुरात ते मूळ अजून पांघरायला मिळतं.

आता परत दुकानात. चादर पूर्ण उलगडायला सांगा आणि उजेडाकडे धरा. दोष कसा दिसतो त्यावरून तो कुठला हे कळतं. ठरावीक अंतराने तीच आडवी रेघ येत असेल तर कार्ड चुकलंय किंवा मागेपुढे ओवलं गेलंय. पूर्ण लांबीभर उभी रेघ असेल आणि रुंदीत प्रत्येक नक्षीमागे तीच दिसत असेल, तर हूक वाकलाय. उभी रेघ एकच असेल तर मागावरची एकच दोरी तुटलेली असावी. असे दोष मागच दुरुस्त होईपर्यंत प्रत्येक नगात उतरतात, तेव्हा त्या गठ्ठ्यातली दुसरी चादर काढून घेण्यात अर्थ नाही. एखाद्याच जागी सुटलेला धागा मात्र किरकोळ. तो तुटला होता आणि जोडला, एवढंच.

नक्षी निवडताना मोठे मोकळे पट्टे टाळा. नक्षीची कड नसेल तिथे थर जोडलेलेच नसतात. चिमटीत धरून ओढा; वीतभर पोकळ फुगा आला तर धुतल्यावर तिथे सुरकुत्या पडतील आणि खाटेच्या खिळ्याला धागा अडकेल. बारीक, भरगच्च नक्षी दिसायला जुनाट वाटली तरी टिकते तीच.

वजन करून घ्या. ६० × ९० इंच म्हणजे साधारण ३.४८ चौरस मीटर. दीड किलोची चादर असेल तर चौरस मीटरला सुमारे ४३० ग्रॅम पडतात, १ किलो १०० ग्रॅमची असेल तर ३१६. भावाची तुलना नगावर करू नका, किलोवर करा. त्यातही खळीचं वजन फसवतं : कापड हातात चोळा, पांढरी पूड निघाली आणि कडकपणा गेला तर पहिल्या धुण्यात वजनही जाईल. दशांमधला एक धागा काढून जाळा. सूत कागदासारखं जळतं आणि मऊ राख उरते. टोकाला कडक मणी झाला तर पॉलिस्टर मिसळलंय. ओल्या पांढऱ्या रुमालाने गडद भाग घासा. रुमाल रंगला तर ती चादर घेऊ नका. घरी मीठ किंवा व्हिनेगर घालून कच्चा रंग पक्का होत नाही.

सोलापूरच्या नावावर बाहेरगावचा मालही खपतो. शिवलेल्या लेबलापेक्षा विणलेलं नाव बरं, कारण त्या अक्षरांसाठी कार्डं वेगळी पाडावी लागतात. पण तेवढ्यावर भरवसा नको. वीण आणि वजनच पाहा.

उणिवा दोन. प्रवासाला ही जड पडते, आणि ओली झाली की उचलवत नाही. साध्या घरगुती मशीनमध्ये एका वेळी एकच टाका, पहिल्यांदा थंड पाण्यात आणि एकटीच. एका दोरीवर वाळत घालू नका, पाण्याच्या भाराने मधोमध ताणली जाते. दोन समांतर दोऱ्यांवर पसरा आणि फिकट बाजू उन्हाकडे ठेवा.